वर्ग राजी आहे का

राजीनामा या शब्दात 'राजी' आहे, हे मला बी.ए.ला मराठी घेऊनही कधी दिसलं नव्हतं. दिसलं ते पहिली नोकरी सोडायला गेले त्या दिवशी.

आमच्या घरात माझ्याआधी राजीनामा द्यायची वेळ कुणावर आली नाही, कारण नोकरीच कुणाला नव्हती. राणीसावरगावकडचं आमचं घर मेंढरांचं. आजा मेंढरांमागं गेला, माझे वडील, आबाही तेच करत होते, आणि मेंढरांना राजीनामा देता येत नाही. कॉलेजची पायरी चढलेली भावकीत मी पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. आमच्याकडं कागद म्हटलं की अंगठा. मी मात्र पूर्ण नावाची सही करायची, आणि ती वळणदार यावी म्हणून बारावीत वह्यांची मागची पानं भरून काढली होती.

ती सही पहिल्यांदा कामी आली देवगाव फाट्याजवळच्या एका निवासी शाळेत. शाळा खाजगी, अनुदान नव्हतं, लेकरं बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्यांची. आईबाप दसरा झाला की कारखान्याकडं जायचे, लेकरं वसतिगृहात राहायची. मला तिसरीचा वर्ग मिळाला. जून महिन्यात करारनाम्यावर सही केली. त्यात सरळ लिहिलं होतं की शिक्षकाला वर्ष संपेपर्यंत मधेच नोकरी सोडता येणार नाही. मूळ प्रमाणपत्रं शाळेच्या कपाटात गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट घरी येऊन आबांना सांगितलं, "आबा, मी करार केला." आबा दोन्ही हातांनी तंबाखू मळत होते, ते थांबले. "सही केलीस?" म्हणाले. केली, मी म्हणाले. "सगळं नाव लिहिलंस?" लिहिलं. मग त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि आईला चहा ठेवायला सांगितला. आमच्याकडं समारंभ म्हणतात तो एवढाच.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगते. बाहेरच्या माणसाला ती उलटी वाटते.

लेकरू वाचायला लागलं हे कसं ओळखायचं? लोकांना वाटतं, फडाफडा वाचलं की आलं. तसं नसतं. लेकरू आधी पाठ करतं. दुसऱ्याचं ऐकून, चित्र बघून, पान उलटायची वेळ बरोबर साधून ते असं काही म्हणून दाखवतं की पाव्हण्यानं खिशात हात घालावा. मग एक दिवस काय होतं, तेच लेकरू त्याच धड्यात थांबतं. बोट एका अक्षरावर ठेवतं. तोंड उघडं राहतं. म्हणजे कानातला आवाज बाजूला सरला आणि डोळ्यांनी कागदावरचं बघायला सुरुवात केली. अडखळलं की समजायचं, वाचायला लागलं. हे मी किती लेकरांत पाहिलं त्याची गणती नाही, तरी दर वेळी मी खडू हातात घेऊन उभीच राहते. काळ्या रेघोट्यांतून आवाज निघतो हे त्या लेकराला त्या क्षणाला कळलेलं असतं. यापेक्षा मोठी करामत मी पाहिली नाही.

पण हे पालकांना पटवणं अवघड. पहिल्याच वर्षी एक बाप रविवारी भेटायला आला आणि व्हरांड्यातच सुरू झाला. "बाई, पोरगं गावाकडं चांगलं फडाफडा वाचत होतं. तुमच्याकडं आल्यापसून अडखळायलाय. बिघडवलं की तुमी."

मी म्हणाले, "दादा, आता वाचायलाय तो. आधी म्हणत होता."

"आधीच बरं होतं मग."

संध्याकाळी पोराला दोन दिवस घरी न्यायचं म्हणून दोघं फाट्यावर गेले. धुळीतून एसटी आली, बाप घाईनं पोराला वर ढकलायला लागला. पोरगं पाटीकडं बघत पायरीवर अडून बसलं. "जि... जिं... तू... र." बापाला जायचं होतं परभणीला. पुढच्या रविवारी तो माणूस परत आला, येताना ओल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन. म्हणाला, "बाई, अडखळू द्या त्याला."

त्याच वर्गात शिवकन्या होती. अंगानं बारीक, दोन्ही वेण्या करकचून बांधलेल्या, आवाज मात्र देवळातल्या घंटेसारखा. तिसरीचं पुस्तक ती असं वाचायची की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन ऐकायचे. मीही महिनाभर खुशीत होते. एके दिवशी ती धडा वाचत होती आणि मी सहज तिच्या मागून गेले. तिच्या पुस्तकाची दोन पानं वरणानं एकमेकांना चिकटली होती. मधलं सगळं आत बंद होतं. शिवकन्या त्या बंद पानांतला मजकूर एक शब्द न गाळता वाचत होती.

जेवणाच्या सुट्टीत तिला पाण्याच्या हौदाजवळ घेऊन गेले, पाटीवर 'समई' लिहिलं आणि विचारलं, हे काय? ती पाटीकडं बघत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "कोणत्या धड्यातलं हाय ते सांगा, मग सांगते."

हळूहळू सगळं कळलं. आमच्या शाळेत येण्याआधी ती दरवर्षी आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायची. अर्धं वर्ष गावच्या शाळेत, अर्धं वर्ष कारखान्याच्या शाळेत. दोन्हीकडं अक्षरं शिकवायचे दिवस नेमके ती वाटेत असतानाच होऊन जायचे. पण कान तिखट. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, शेजारची मोठी पोरं वाचायची ते ऐकून तिचं पुस्तक तोंडपाठ. नव्या शाळेत गेली की नवे गुरुजी वाच म्हणायचे, ती म्हणून दाखवायची, गुरुजी खूश होऊन तिला पुढच्या ओळीत बसवायचे. पुढच्या ओळीतल्या लेकराला कुणी अक्षरं शिकवत नाही.

मी तिला म्हणाले, हे आपल्या दोघींतच. त्या दिवसापासून आम्ही हौदाजवळ बसायला लागलो. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी एकेक शब्द लिहायचे आणि पत्त्यांसारखे पिसायचे, म्हणजे तिच्या कानाला क्रम सापडू नये. ती इतकी हुशार की पत्रिकेचा रंग बघून शब्द ओळखायची. गुलाबी म्हणजे 'नदी', पिवळी म्हणजे 'बैल'. मला मग सगळे शब्द एकाच लग्नाच्या पत्रिकांवर लिहावे लागले. त्यासाठी गावात कुणाकडं पत्रिका उरल्यात का हे विचारत फिरले.

अशातच पोळा झाल्यावर माझी जिल्हा परिषदेची ऑर्डर आली.

गंगाखेड तालुक्यातली डोंगराच्या कडेची वस्ती, पहिली ते चौथीची शाळा, घरापासून जवळ. आणि सरकारी. ऑर्डरमध्ये हजर व्हायची मुदत होती. ती चुकली तर नाव गेलं, आणि पुढची भरती कधी निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याबरोबरच्या किती पोरी डी.एड. होऊन घरी बसल्या होत्या. आईनं ऑर्डर देवासमोर ठेवली. भावकीतले सगळे येऊन ती हातात घेऊन बघून गेले. कागद वाचता येणारी घरात मी एकटीच, तरी प्रत्येकानं तो उलटसुलट बघितला.

आबा रात्री जेवताना म्हणाले, "तिकडं सही केलीस की तू."

आई म्हणाली, "आवो, सरकारी हाय ही."

"सरकारी हाय, मला कळतंय. पर तिकडं बी हिचंच नाव लिवलंय ना?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "जा माय, जायचंच हाय. पर चोरावाणी जाऊ नको."

चोरासारखं जाणारे पुष्कळ होते. आमच्याच शाळेतून आदल्या वर्षी एक सर दिवाळीच्या सुट्टीत गेले ते परत आलेच नाहीत, कागदपत्रांची दुसरी प्रत काढून घेतली म्हणे. सगळ्यांनी मला तेच सुचवलं. मी ऑर्डर घेऊन सरळ काझी सरांपुढं जाऊन उभी राहिले.

काझी सर आमचे हेडमास्तर. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि मराठी इतकं शुद्ध की आम्ही त्यांच्यासमोर बोलताना जपून बोलायचो. रागावले की मात्र दखनी उर्दूवर जायचे. त्यांनी ऑर्डर वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मुबारक," म्हणाले. "आता करारनाम्यात काय आहे ते सांगा."

"वर्ष संपेपर्यंत सोडता येणार नाही."

"खाली सही कुणाची?"

"माझी."

"सुरेख सही आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं." मी राजीनाम्याचा कागद लिहूनच नेला होता, तो पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"या शब्दाचा अर्थ काय, बाई?"

"राजीनामा म्हणजे... नोकरी सोडल्याचा अर्ज."

"माझे वालिद, म्हणजे वडील, कोर्टात मुन्शी होते. त्यांच्या वेळी दोन भांडणारे समेट करायचे, दोघं राजी झालो म्हणून कागद द्यायचे. तो राजीनामा. राजी झाल्याचा कागद. लोकांनी त्याचं निघून जाणं करून टाकलं." कागदावर बोट टेकवून ते म्हणाले, "मी राजी आहे. संस्थेला राजी करणं माझ्याकडं लागलं, तुमच्या जागी बाई शोधणंही माझ्याकडं. वर्ग राजी आहे का?"

मला वाटलं, चेष्टा करतात. मी म्हणाले, "सर, करारात दोनच पक्ष आहेत."

"कागदावर दोन आहेत. वर्गात जाऊन मोजा."

तेव्हा मला राग आला होता, लपवत नाही. आठ वर्षांच्या लेकरांच्या हातात माझी सरकारी नोकरी. पण कपाटाची किल्ली त्यांच्याकडं होती आणि आबांचं बोलणं माझ्याकडं होतं. शनिवारी सकाळच्या शाळेत मी वर्गापुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दुसरी शाळा मिळाली, घराजवळ आहे, तिथंही लेकरं आहेत. तुम्ही राजी असाल तर जाते.

पहिला प्रश्न आला, "राजी म्हंजी काय बाई?"

"खुशीनं हो म्हणणं."

एक जण म्हणाला, "खुशी न्हाई बाई. पर जावा तुमी."

"नव्या बाई मारत्यात का?"

"मला माहीत नाही. अजून यायच्यात."

"मग आधी इचारून घ्या की."

एकीनं विचारलं, तुमचा खडूचा डबा कुणाला देणार. त्यावरून पाच मिनिटं भांडण झालं. ते मिटल्यावर मी म्हणाले, राजी असेल त्यानं हात वर करा. हात वर झाले. काहींनी दोन्ही हात वर केले. एक हात खाली होता.

मी विचारलं, "शिवकन्या?"

"मी न्हाई राजी."

मधल्या सुट्टीत हौदाजवळ गेलो. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. मला हिशेब समजावून सांगावा तशी बोलली.

"बाई, मला वाचता येत न्हाई हे तुमालाच माहीत हाय. तुमी गेल्या की कुणालाच माहीत न्हाई."

"मी सांगते ना नव्या बाईंना."

"कारखान्यावर बी एका सरनी सांगितलं होतं दुसऱ्या सरला. त्यानी मला वाच म्हनले. मी म्हनून दाखवलं. माझं ऐकल्यावर त्यांना खरं वाटत न्हाई बाई. म्हनत्यात, हिला तर सगळ्यात चांगलं येतंय."

"मग त्यांच्यासमोर म्हणूच नको."

"वाच म्हनल्यावर तोंड आपोआप चालतंय."

मी पुष्कळ शिकले, नंतर पुष्कळ शिबिरांना बसले, मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली. आपल्याला काय येत नाही हे इतकं नेमकं सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. ती तिसरीत होती.

मी काझी सरांना जाऊन सांगितलं, वर्ग राजी नाही. का ते सांगितलं नाही, ते आमच्या दोघींतलं होतं. सर म्हणाले, "सगळा?" मी म्हणाले, एक जण. "मग वर्ग राजी नाही," ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

त्या आठवड्यात मी तिच्यामागं हात धुऊन लागले. सकाळी हौद, दुपारी हौद. पत्रिका पिसून पिसून मऊ पडल्या. पण अक्षर असं घाई करून येत नाही. ओल धरल्याशिवाय बी फुटत नाही, वर पाणी किती का ओता. ती 'नदी'ला 'नळ' म्हणायची, माझा चेहरा बघायची आणि लगेच बदलायची. शेवटी तिनंच मला सांगितलं, "बाई, तुमी घाई करायल्या की मी तुमचं तोंड वाचायले. पत्रिका न्हाई."

मी पत्रिका खाली ठेवल्या. त्या दिवशी नोकरी हातातून गेली असं मी धरून चालले. आबांना काय सांगायचं याची वाक्यंही मनात जुळवली.

मुदत संपायला आली तशा जोंधळे बाई आल्या. काझी सरांनी कुठून तरी परभणीतून शोधून आणलेल्या. नुकत्याच डी.एड. झालेल्या, हातभर बांगड्या, पहिल्याच नोकरीचं हसू तोंडावर. मी त्यांना बाजूला घेऊन शिवकन्येचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. सर म्हणाले, आज वर्ग यांना घेऊ द्या, तुम्ही मागं बसा.

मी शेवटच्या ओळीत लेकरांच्या बसायच्या पट्टीवर बसले. जोंधळे बाईंनी पुस्तक काढायला सांगितलं. एकेकानं उठून वाचलं, कुणी अडखळत, कुणी गाळत. शिवकन्येची पाळी आली.

ती उठली, पुस्तक उघडलं आणि सुरू झाली. तोच आवाज. जोंधळे बाईंचं हसू वाढत गेलं, आणि मग त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं, शिवकन्या खरं बोलत होती. मी सांगितलेलं त्या बाईंच्या डोक्यातून निघून चाललं होतं, माझ्या डोळ्यांसमोर. "वा," त्या म्हणाल्या. "किती छान वाचतेस गं."

शिवकन्या थांबली. मान वळवून एकदा मागं माझ्याकडं बघितलं. मग तिनं हातातलं पुस्तक उलटं केलं, डोकं खाली पाय वर, ते बाईंना दिसेल असं छातीपुढं धरलं, आणि जिथं थांबली होती तिथून पुढं म्हणायला लागली. एक शब्द चुकला नाही. धडा पूर्ण केला. खाली प्रश्न होते, तेही म्हणाली.

वर्गात कुणी हसलं नाही. हसण्यासारखं ते नव्हतं हे त्या लेकरांना कसं कळलं, मला आजही माहीत नाही.

"बाई," ती जोंधळे बाईंना म्हणाली, "हे पाठ हाय. मला वाचता येत न्हाई."

वसतिगृहात, जिथं चिडवायला कारण लागत नाही, तिथं सगळ्यांसमोर. जी गोष्ट झाकून ठेवण्यावर तिची पुढच्या ओळीतली जागा टिकून होती, ती तिनं स्वतःच्या हातानं उघडी केली. जोंधळे बाई तिच्या जवळ गेल्या आणि तिच्या शेजारी खाली बसल्या. बांगड्या वाजल्या, तेवढाच आवाज. मी काझी सरांकडं बघितलं. ते दारात उभे होते, चष्मा हातात.

मग शिवकन्या माझ्याकडं वळली. "आता जावा बाई."

मी विचारलं, "राजी?"

"राजी."

राजीनामा मी त्यानंतर लिहिला. आधीचा कागद फाडून नवा. काझी सरांनी कपाट उघडून प्रमाणपत्रं दिली आणि एवढंच म्हणाले, "सही वळणदार आहे." घरी पोचले तेव्हा आबा मेंढरं आत घेत होते. त्यांनी विचारलं, "कशी आलीस?" मी म्हणाले, "सांगून आले." "सगळ्यांना?" "सगळ्यांना." मग त्यांनी आईला चहा ठेवायला सांगितला.

डोंगरकडच्या त्या वस्तीवर मी मुदतीत हजर झाले. तिथून पुढं बऱ्याच शाळा झाल्या. आज मी मुख्याध्यापिका आहे, आणि माझ्याकडं करारावर आलेली तरुण पोरं दुसरी नोकरी लागली म्हणून कागद घेऊन येतात. मी कुणाला अडवत नाही. वर्गाला विचारलं का, एवढं विचारते. मी काझी सरांकडं बघितलं होतं तसंच बहुतेक जण माझ्याकडं बघतात.

शिवकन्येचं पुढं काय झालं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. चौथीनंतर आईबाप तिला कुठल्या कारखान्याकडं घेऊन गेले, ते गावाला परत आले की नाही, कुणी सांगू शकलं नाही. ही रुखरुख आहे. पण तिच्याबद्दलची एक बातमी मला मिळाली, ती सांगून थांबते.

मी ती शाळा सोडली त्याच वर्षी होळीच्या आधी मी कामासाठी परभणीला गेले होते. स्टेशन रोडवर ही गर्दी. रस्त्याच्या पलीकडं मला बांगड्या दिसल्या, मग जोंधळे बाई दिसल्या. त्यांनीही मला बघितलं. मधे रिक्षा एकीला एक चिकटून उभ्या, हॉर्न चाललेले, इकडून तिकडं जायची सोय नाही. त्यांची गाडी निघायची असावी, हातात पिशव्या होत्या. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडल्या.

"बाई, अडखळली!"

मी तिथंच उभी राहिले. डोळ्यांपुढचं सगळं पाण्यात गेल्यासारखं झालं. शेजारी केळीच्या गाड्यावरचा माणूस दचकून इकडंतिकडं बघायला लागला.

"कोण अडखळलं हो ताई? लय लागलं का?"

"न्हाई दादा," मी म्हणाले. "आता चालायलीय."